पात्रता : कोणाची आणि कशाची?

नोकरीच्या काळात आमच्या हातून सर्वाधिक वेळा लिहिला गेलेला शब्द कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही 'अर्ह' आणि 'अनर्ह' ही जोडी सांगू. कर्नाटकाच्या महसूल खात्यातील कानडी कागदांवर हेच शब्द चालतात. येथून जवळच चंदगडच्या कचेरीत त्यांच्या जागी 'पात्र' आणि 'अपात्र' असे लिहिले जाते. दोन्ही जोड्या संस्कृतातून आलेल्या आणि दोहोंचा अर्थ एकच : लायक आणि नालायक. सेवेत असताना या अर्थाकडे आमचे लक्ष कधी गेले नाही. शब्द शिक्क्यासारखा उमटत गेला. निवृत्तीनंतर जांबोटीच्या घरी येऊन स्वस्थ बसल्यावर मात्र हा शब्द आम्हांला टोचू लागला. एखादा अर्जदार अमुक योजनेच्या अटी पूर्ण करीत नाही, हे एक विधान. तो मदतीस लायक नाही, हे दुसरे. पहिले विधान करण्याचा अधिकार सरकारने आम्हांस दिला होता. दुसरे करण्याचा अधिकार कोणी दिला होता? अपंगांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्याच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सन २००४ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही त्या वेळी एका तालुक्याच्या कचेरीत होतो. एक शेतमजूर अपंगांच्या मासिक वेतनासाठी अर्ज घेऊन आले. वय बासष्ट. उसाची पात लागून एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेलेली. पुढे कडबा कापताना उजव्या हाताची बोटे सापडली, ती ताठ झालेली. वैद्यकीय प्रमाणपत्रावर डोळ्याचे ३० टक्के आणि बोटांचे १० टक्के अपंगत्व लिहिले होते, आणि खाली एकत्रित आकडा होता ३७. नियमाप्रमाणे किमान ४० हवे होते. आम्ही 'अनर्ह' असा शेरा मारला. गृहस्थ चौथी शिकलेले होते. त्यांनी कागद डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि अगदी शांतपणे विचारले, "सायेब, तीस आनी धा चाळीस न्हवं काय हो?"

आम्ही त्यांना सूत्र समजावून सांगितले. ते वाचकांनाही सांगावयास हवे, कारण या व्यवस्थेची सारी नैतिक अडचण त्या सूत्रात साठलेली आहे. शरीरात दोन दोष असतील तर त्यांची सरळ बेरीज करीत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवतात. तो ९० मधून वजा करतात, उरलेल्यास लहान आकड्याने गुणून पुन्हा ९० ने भागतात आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवतात. येथे ९० मधून ३० गेले, ६० उरले. त्यांस १० ने गुणून ९० ने भागले की साडेसहाच्या किंचित वर येतात. एकूण ३७ च्या आत. यामागे तर्क नाही असे नाही. सरळ बेरीज केली तर तीनचार दोष असलेल्या माणसाचे अपंगत्व शंभराच्या पुढे जाईल. म्हणून दुसरा दोष उरलेल्या शक्तीच्या प्रमाणात मोजावा, असा वैद्यकशास्त्राचा हिशेब आहे. एक डोळा धड असून दुसरा पूर्ण गेला तर ३० टक्के, हेही त्याच हिशेबाने ठरलेले आहे आणि आजही तसेच आहे.

हिशेब बिनचूक होता. आमचा शेराही बिनचूक होता. तरीही त्या प्रश्नाला उत्तर मिळाले, असे आम्हांला आजतागायत वाटलेले नाही. ज्या मजुराची बोटे ताठ आहेत त्याला धड नजरेची गरज इतरांहून अधिक असते, आणि ज्याला एकाच डोळ्याने विळ्याचा अंदाज घ्यावा लागतो त्याला बोटांची. कागदावर दुसरा दोष पहिल्यामुळे लहान होतो. शेतात तो पहिल्यामुळे मोठा होतो.

आता कायद्याकडे वळू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अवयवदोष, मतिमंदत्व आणि मनोरुग्णता असे सात प्रकार मानले होते आणि ४० टक्क्यांची मर्यादा घातली होती. त्याची जागा दिव्यांगजन अधिकार कायदा, २०१६ याने घेतली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि प्रकार एकवीस झाले. स्वमग्नता, कंपवात, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, आम्लहल्ल्याने आलेली विद्रूपता अशा अनेक अवस्थांना त्यात प्रथमच स्थान मिळाले. म्हणजे २०१७ च्या आदल्या वर्षापर्यंत जो अपंग नव्हता तो एका तारखेपासून अपंग ठरला. त्याच्या शरीरात त्या दिवशी काहीही बदललेले नव्हते. बदलली ती आपली नजर. आपल्या शब्दांचेही तसेच झाले. 'पांगळा'चा 'अपंग' झाला, 'अपंग'चा 'विकलांग', आणि आता 'दिव्यांग'. कानडी कागदांत 'अंगविकल'चे 'विकलचेतन' झाले. शब्द बदलणे सोपे असते. रेषा हलवणे अवघड असते.

येथे एक भेद अनेकांच्या ध्यानात येत नाही, आणि त्यापायी खेपा वाया जातात. प्रमाणपत्र आणि लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र माणसाची अवस्था सांगते आणि ते देशभर ग्राह्य धरले जाते. लाभ हा मात्र योजनेचा असतो आणि प्रत्येक योजनेची रेषा निराळी असते. सरकारी नोकरीतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांसाठी ४० टक्के अपंगत्व पुरते. केंद्राच्या इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतनासाठी ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब या दोन्ही अटी लागतात, आणि केंद्राचा वाटा आहे महिना ३०० रुपये. कर्नाटकाच्या मासिक वेतनात ४० टक्क्यांपासून एक रक्कम आणि ७५ टक्क्यांपासून तीहून मोठी. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेत अपंगांसाठी ४० टक्क्यांची अट असून ऑक्टोबर २०२५ पासून त्यांची रक्कम दीड हजारावरून अडीच हजारांवर गेली. मात्र तेथे पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतही पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे.

जांबोटीकरास हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. एकीकडे चंदगड, दुसरीकडे कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरला की गोवा. सोयरीक तिन्ही राज्यांत. एकाच आजीच्या तीन नातवंडांना एकच व्याधी असेल, तर तिघांच्या हाती पडणारी रक्कम तीन प्रकारची असते. व्याधी सीमा ओळखत नाही, पात्रता ओळखते. यावर रागावण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक राज्याचा खजिना निराळा आहे. परंतु यातून एक बोध घ्यावा. जी गोष्ट दहा कोसांवर बदलते ती माणसाच्या लायकीचे मोजमाप असू शकत नाही. ती खजिन्याच्या वाटपाची रेषा आहे, इतकेच.

मग या रेषेला लायकीचा अर्थ चिकटला कोठून? आमच्या मते तो दानाच्या जुन्या कल्पनेतून आला. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना देश, काळ आणि पात्र यांचा विचार आहे. पात्र म्हणजे भांडे. फुटक्या भांड्यात घातलेले तूप वाया जाते, म्हणून भांडे पारखून घ्यावे. दात्याचे पुण्य पणाला लागलेले असल्यामुळे पारखण्याचा अधिकार दात्याचा. पेशवाईत पुण्याच्या रमण्यात श्रावणमासी दक्षिणा वाटली जाई, तेव्हा विद्वानांची परीक्षा होऊन विद्येप्रमाणे रक्कम ठरे. तेथे पात्रता खरोखरच गुणांची होती, आणि जन्माचीही. विलायतेतही निराळे नव्हते. १६०१ च्या गरिबांविषयीच्या कायद्यापासून तेथे मदतीस योग्य गरीब आणि अयोग्य गरीब अशी विभागणी रूढ झाली.

या कल्पनेला आपल्या परिसरात पहिला मोठा छेद दिला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. ती दक्षिणा नव्हती. ते राज्याने स्वतःकडे असलेले देणे मान्य करणे होते. पुढे संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलता या अवस्थांत सार्वजनिक साहाय्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत मिळवून द्यावा, असे निर्देशिले गेले. ज्या क्षणी दानाचे देणे झाले त्या क्षणी पारख उलटी व्हावयास हवी होती. सावकाराकडे आलेल्या माणसाची पारख सावकार करतो. परंतु देणेकऱ्याने येणेकऱ्याची लायकी तपासावी, हे कोणत्या न्यायात बसते? त्याने फार तर हिशेब तपासावा. आमच्या कचेऱ्यांत देणे आले, पण नजर दात्याचीच राहिली.

यावर आमचे जुने सहकारी जो आक्षेप घेतात तो हलका नाही. ते म्हणतात, खोटी प्रमाणपत्रे निघतात, धडधाकट माणसे वेतन उचलतात. पारख सैल केली तर खऱ्या अपंगाच्या तोंडचा घास जाईल. हे आम्ही स्वतः पाहिले आहे. २०२४ साली महाराष्ट्रातील एका परिवीक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांचा वाद देशभर गाजला. त्याच्या खरेखोटेपणात आम्ही शिरत नाही. परंतु त्यानंतर ज्यांचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही अशा कितीतरी जणांकडे अकारण संशयाने पाहिले जाऊ लागले, हे खरे आहे.

येथे दोन चुकांची तुलना करावी लागते. जो बसत नाही त्याला आत घेणे ही एक चूक, आणि जो बसतो त्याला बाहेर ठेवणे ही दुसरी. रेषा कोठेही ओढली तरी यांपैकी काही चुका होणारच. फौजदारी न्यायात ब्लॅकस्टन या इंग्रज कायदेपंडिताने अठराव्या शतकात याचा निवाडा करून ठेवला आहे : दहा अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्यास शिक्षा होऊ नये. आरोपीच्या बाबतीत आपण हे तत्त्व मानतो, आणि अपंगाच्या बाबतीत नेमके उलटे वागतो. याचे कारण आम्हांला आमच्या नोकरीतूनच ठाऊक आहे. चुकून आत घेतलेल्याचा लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, अधिकाऱ्यास खुलासा द्यावा लागतो. चुकून बाहेर ठेवलेल्याचा आक्षेप कधीच निघत नाही. तो माणूस शेवटची बस पकडून मुकाट्याने घरी जातो. पहिल्या चुकीची किंमत सरकार मोजते, दुसरीची तो. म्हणून अधिकारी दुसरी चूक पत्करतात. आम्हीही तेच केले. त्यास सावधगिरी म्हणतात. आमच्या मते ती भित्रेपणाची सभ्य बाजू आहे.

आता टक्क्यांचाच विचार करू. टक्के शरीराचे मोजले जातात. परंतु माणूस नुसता शरीरात राहत नाही, गावात राहतो. १९७६ साली ब्रिटनमधील अपंगांच्याच एका संघटनेने हा भेद स्पष्ट मांडला : शरीरातील उणीव ही एक गोष्ट, आणि समाजाच्या रचनेमुळे त्या उणिवेतून निर्माण होणारी अडवणूक ही दुसरी. पुस्तकी वाटणारा हा विचार आमच्या भागात पावसाळ्यात प्रत्यक्ष दिसतो. एका पायाने अधू असलेला माणूस बेळगाव शहरात रिक्षा करून इस्पितळात जातो. तेवढाच अधू माणूस भीमगडच्या रानातील वाडीवर राहत असेल, तर आषाढात ओढा चढल्यावर त्याला चौघांच्या खांद्यावरून न्यावे लागते. दोघांच्या प्रमाणपत्रावर आकडा एकच. प्रा. अमर्त्य सेन यांनी आपल्या न्यायविचारात हेच अर्थशास्त्राच्या भाषेत सांगितले आहे की, अपंगाला मिळकत कमी असते एवढेच नव्हे, तर तेवढ्याच मिळकतीत इतरांसारखे जगण्यास त्याला अधिक खर्च येतो. आणि आमच्या भागात आणखी एक ओढा आहे, भाषेचा. अर्ज कानडीत, सूचना कानडीत. कानडी न वाचता येणारी म्हातारी दुसऱ्याकडून अर्ज भरून घेते आणि भरणाऱ्याची चूक तिच्या पात्रतेत मोजली जाते. आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने दिलेला आहे, हे तिला कोणी सांगत नाही.

समाधानाची गोष्ट अशी की कायद्यालाही रेषेची ही मर्यादा उमगू लागली आहे. २०१६ च्या कायद्यात दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या टक्क्यांवर आधारलेली नाही. दीर्घकाळ टिकणारी उणीव आणि तिच्यापुढे उभे राहणारे अडथळे, असे त्या व्याख्येचे स्वरूप आहे. ४० टक्क्यांची अट राखीव जागा वगैरे विशिष्ट लाभांपुरती. लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीस ४० टक्के नसल्यामुळे लेखनिक नाकारला गेला, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दोन व्याख्यांची गल्लत करू नये असे बजावून त्यास न्याय दिला. ऑक्टोबर २०२४ मधील दुसरा निकाल महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याचा आहे. त्याला वाचादोष होता. वैद्यकीय प्रवेशातील राखीव जागेसाठी ४० टक्के हवेत, आणि त्याच्या प्रकारच्या दोषात ४० टक्के झाले की वैद्यकीय शिक्षणास अपात्र, अशी नियमांची विलक्षण कोंडी होती. जो आकडा दार उघडीत होता तोच ते लावीत होता. न्यायालयाने सांगितले की केवळ आकड्यावरून कोणासही अपात्र ठरवू नये. हा विद्यार्थी हे शिक्षण घेऊ शकेल की नाही, ते मंडळाने प्रत्यक्ष तपासावे. आमच्या शेतमजुराचा प्रश्न वीस वर्षांनी न्यायासनापर्यंत पोहोचला, असे आम्हांला तो निकाल वाचताना वाटले.

येथवर आम्ही सरकारविषयी लिहिले. आता घराविषयी लिहिणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बंधूंना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. आम्ही प्रमाणपत्राचा विषय काढताच घरातील वडीलधाऱ्या काकी म्हणाल्या, "आपल्या घराण्यात आजवर कुणी सरकारदरबारी हात पसरलेला नाही." या परिसरात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या अनेक घरांत हे वाक्य उच्चारले गेले असेल. त्यात स्वाभिमान आहे, तो खोटा नाही. परंतु त्या वाक्यामागे माजघराच्या अंधारात वर्षानुवर्षे बसवून ठेवलेली माणसेही आहेत, ज्यांची नोंद कोठेही झाली नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. किती घरांनी गणना करणाऱ्यास माजघर दाखवले नसेल, याचा विचार ज्याने त्याने आपापल्या घरापुरता करावा.

बंधूंना प्रमाणपत्र मिळाले, टक्के साठाच्या वर. वेतन मिळाले नाही. सातबाऱ्यासारखाच आमच्याकडील जमिनीचा उतारा सामाईक, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला मर्यादेच्या वर गेला. बंधूंच्या हाती त्या उत्पन्नातील किती येते, हे दाखल्यावर लिहिण्याची सोय नाही. आम्हीही असे दाखले शेकड्यांनी दिले आहेत. आम्ही तक्रार केली नाही. पण त्या दिवशी बंधू जे बोलले ते लक्षात राहिले. ते म्हणाले, "दादा, पैशाचं काही नाही. पण इतकी वर्षं मी नुसता आजारी होतो. आता निदान कागदावर तरी आहे." प्रमाणपत्र म्हणजे लाभाचे तिकीट, असे आम्ही समजत होतो. त्यांच्या दृष्टीने ते, आपले दुःख राज्याने पाहिले, याची पोच होती.

असो. रेषा नको, असे आमचे म्हणणे नाही. खजिना मर्यादित असेल तोवर ती कोठेतरी ओढावीच लागेल. आमचे म्हणणे इतकेच की, ती रेषा राज्य या योजनेखाली कोठवर देणे लागते ते सांगते. रेषेपलीकडचा माणूस देण्यास पात्र नाही, असे सांगत नाही. म्हणून रेषेवरच्या माणसाशी अधिकाऱ्याचे कर्तव्य संपत असेल, तर रेषेखालच्या माणसाशी ते सुरू होते. दुसरी कोणती योजना लागू पडेल ते सांगणे, प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येते हे सांगणे, ग्रामपंचायतीतील पुनर्वसन कार्यकर्त्याकडे पाठवणे. कर्नाटकात हे कार्यकर्ते अपंग व्यक्तींमधूनच नेमले जातात, त्यांना रांगेचा अनुभव असतो. आणि जेथे सरकारची प्रत्येक रेषा संपते तेथे शेजाऱ्यांचे, भाऊबंदांचे आणि आपल्यासारख्या मंडळांचे देणे उरते. अर्ज लिहून देऊ शकेल असा एक साक्षर माणूस प्रत्येक आळीत आहे.

त्या शेतमजुराच्या अर्जावर आम्ही लिहिलेला शब्द नियमाने बरोबर होता, आणि आजही आम्ही ३७ चे ४० करणार नाही. परंतु त्यांचे वय बासष्ट होते आणि वार्धक्य वेतनाची मर्यादा त्या काळी पासष्ट होती. तीन वर्षांनी या, कागद जपून ठेवा, एवढे दोन शब्द सांगण्यास खुर्चीवरून उठावेही लागले नसते. आम्ही ते सांगितले नाहीत. आम्ही पुढचा अर्ज घेतला. ते पुन्हा कधी आले की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. त्या दिवशी पात्रतेची परीक्षा झाली हे खरे. ती कोणाची होती, हे आम्हांला फार उशिरा समजले.